तुर्कस्तानबंदीचे अनुमोदक

तेवीस मे रोजी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, आमच्या गावाने तुर्कस्तानशी व्यापार बंद केला. विशेष ग्रामसभेचा ठराव क्रमांक चार. सूचक श्री. धोंडिबा, अनुमोदक श्री. निजाम हुसेन आतार. सर्वानुमते मंजूर.

अनुमोदक म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

हे मला सांगितलं चिमामावशींनी. त्या पंचायतीच्या सदस्य आहेत, बुद्धविहारामागे राहतात, आणि सभेत काय घडलं ते जसंच्या तसं सांगण्याची हातोटी गावात फक्त त्यांच्याकडे आहे. ठरावाची प्रत घेऊन त्या घरी आल्या. अम्मीला आत भेटल्या आणि मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या.

"मी उठून म्हनलं, पान्याच्या टाकीचं काय? तर सरपंच राजेंद्र म्हनतो, मावशी, देश आधी. म्हनलं, बरं बाबा, देश आधी. टाकी दुसऱ्या नंबरला तरी येऊ दे. तर म्हनतो येळ संपला."

"आणि अब्बांचं नाव कुणी घेतलं?"

"बंदीसाठी? कुनीच न्हाई. सुरवातीला तेवढं घेतलं. तुज्या बाच्या नावानं दोन मिनिटं उभं ऱ्हायलो की आमी समदी. मग खाली बसलो आन् बंदी घातली."

मी प्रत वाचली. ठराव क्रमांक एक : गावचे ज्येष्ठ नागरिक निजामभाई आतार यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा श्रद्धांजली वाहत आहे. ठराव क्रमांक चार : तुर्कस्तान या देशाशी ग्रामपंचायत हद्दीत यापुढे कोणत्याही प्रकारचा व्यापार करण्यास बंदी घालण्यात येत आहे. अनुमोदक, निजाम हुसेन आतार. दोन्ही एकाच पानावर होते. मधल्या दोन ठरावांत शाळेच्या कुंपणाला आणि मागच्या सभेच्या वृत्तान्ताला मंजुरी होती.

कार्ल्याच्या डोंगराखाली, महामार्गापासून थोडं आत आमचं गाव आहे. भात होतो. सुट्टीत पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. त्याच महिन्यातल्या लढाईत तुर्कस्तान शत्रूच्या बाजूने उभा राहिला, म्हणून ही बंदी; पण गावात त्याचं नेमकं काय होतं, याची मी मनातल्या मनात यादी करून पाहिली. जानूच्या फळांच्या गाड्यावरची काही सफरचंदं. बायका मोबाइलवर बघत असलेली एक मालिका. आणि सरपंच राजेंद्रभाऊंचा तुंगार्लीत सुट्टीपुरता भाड्याने द्यायचा जो बंगला आहे, त्याच्या तीन बाथरूममधला संगमरवर. तो बसवला तेव्हा ते अब्बांना म्हणाले होते, "चाचा, थेट इस्तंबूलचा माल आहे, हात फिरवून बघा." ठरावात 'यापुढे' हा शब्द आवर्जून घातला होता. बाथरूम वाचली.

जानूने मात्र बंदीची अंमलबजावणी त्याच दिवशी केली. त्याने सफरचंदांवरचे स्टिकर काढून टाकले.

आता अब्बांचं नाव तिथे कसं गेलं, ते सांगायला हवं. आमच्या पंचायतीत ठरावाचे सूचक आणि अनुमोदक सभेत ठरत नाहीत. सभा संपते, लोक घरी जातात, मग संगणक चालवणारा आदिनाथ जुनी फाइल उघडतो, ठरावाचा मजकूर बदलतो आणि खालची नावं तशीच ठेवतो. तो चाळिशीचा शांत माणूस आहे आणि अक्षर सुंदर म्हणून वहीतही तोच लिहितो. मी त्याला फोन केला तेव्हा तो खरोखर ओशाळला.

"ताई, माझ्याकडे दोन नमुने आहेत. रस्ता-पाणी असलं की वेगळी नावं. राष्ट्रीय विषय आला की सूचक धोंडिबाआबा आणि अनुमोदक आतारचाचा. भाऊंनीच सांगून ठेवलंय. बरं दिसतं म्हणून."

बरं दिसतं, हे अब्बांना माहीत होतं. मळवली स्टेशनात एकतीस वर्षं त्यांनी तिकिटं विकली होती. तारखेच्या बाबतीत ते हट्टी होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना कळलं की ज्या दिवशी ते मिरजेला लग्नात जेवत होते, त्या दिवशी त्यांनी गावात एका ठरावाला अनुमोदन दिलं आहे. त्यांनी अर्ज केला : मी गैरहजर होतो, दुरुस्ती व्हावी. पोच मिळाली. दुरुस्ती झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पोच. सरपंच म्हणाले, "चाचा, तुमच्या नावाला वजन आहे, त्याचा उपयोग होऊ द्या की." अब्बा मला एवढंच म्हणाले होते, "हजर असतो तर मी कदाचित हो म्हणालोही असतो. विचारायला पाहिजे होतं."

एप्रिलात पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर गावातून मेणबत्त्या घेऊन मोर्चा निघाला. अब्बांना दम लागत होता म्हणून ते शेवटच्या रांगेत चालत होते. फोटोच्या वेळी त्यांना दंडाला धरून पुढे आणलं. तो त्यांचा शेवटचा फोटो. तो अजून आम्ही लावलेला नाही.

बंदीची बातमी छापून आली. मावळातल्या गावाचा परराष्ट्राला दणका. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर सरपंचांचा हात उंचावलेला. आणि मग बंदी जिथे अडली, ती जागा म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी चैताली मॅडम. पूर्वी या पदाला ग्रामसेवक म्हणायचे. नाव बदलल्यापासून त्या पदावरची माणसं सेवा करताना दिसत नाहीत, अधिकारही गाजवत नाहीत, फक्त मार्गदर्शन मागवतात. मॅडमनी ठराव अमलात आणायला नकार दिला. तोही तोंडी.

"पंचायतीच्या यादीत अठ्ठ्याहत्तर विषय आहेत," त्या म्हणाल्या. "कोंडवाडा आहे, दिवाबत्ती आहे. परराष्ट्र व्यापार नाही."

"ग्रामसभा सर्वोच्च आहे," सरपंच म्हणाले. "ठराव करायचा आम्ही, अंमल करायचा तुम्ही. लोकांच्या वर कोण आहे?"

"गटविकास अधिकारी."

हे संभाषण पंचायतीच्या दारात, वीस माणसांसमोर झालं. मोठ्या देशांत हेच भांडण सभागृहांत होतं. कायदे करणारे म्हणतात, निर्बंध आम्ही घातले, तुम्ही ते ढिले करायचे नाहीत. कारभार करणारे म्हणतात, सूट कुणाला द्यायची ते आम्ही ठरवू. त्याच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मी लोणावळ्यात एका शाळेची ग्रंथपाल आहे, त्यातले दोन मी वाचले आहेत. त्यांत न सापडलेली गोष्ट मला आमच्या गावात सापडली : दोन्ही बाजूंना तुर्कस्तानशी काही देणंघेणं नसतं.

मॅडमना ठरावातून सुटका हवी होती, आणि ती त्यांना ठरावातच मिळाली. अनुमोदक मयत. मग यादी नको, मार्गदर्शन नको, भूमिका तर नकोच नको. फक्त अब्बांचं मृत्यू प्रमाणपत्र फाइलला लावायचं. आणि गावातल्या मृत्यूंची नोंद करणाऱ्या त्याच होत्या.

ती नोंद अजून झाली नव्हती. कामशेतच्या डॉक्टरांचा दाखला आणि दफनाची नोंद जोडून मी चौथ्या दिवशीच अर्ज दिला होता. तेव्हा नोंदणीचं पोर्टल बंद होतं. रोज बंद होतं. एकवीस दिवसांत नोंद झाली नाही तर पुढे आधी दंड आणि मग परवानग्या लागतात, आणि एकविसावा दिवस होता दोन जून.

रविवारी दुपारी राजेंद्रभाऊ घरी आले. हातात सफरचंदांची पिशवी होती. सफरचंदांवर स्टिकर नव्हते.

अम्मी इद्दतीत होती. आमच्यात नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. ती आतल्या खोलीत पडद्यामागे होती. भाऊ पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "चाची, काही लागलं-सवरलं तर सांगायचं. मी घरचाच आहे."

मग ते माझ्याकडे वळले.

"जैनब, तू शिकलेली आहेस, तुला समजेल. देशाचा प्रश्न आहे आणि ती बाई मयत-मयत करत बसलीये. आता हा काय मुद्दा झाला?"

"तुम्हाला काय हवंय, भाऊ?"

"नोंद अजून झालेली नाही ना? मग तारीख तेवीस टाकू. संध्याकाळची वेळ. चाचा सभेला आले, अनुमोदन दिलं, घरी जाऊन आडवे झाले आणि गेले. बघ, किती सुंदर मरण आहे."

"त्याच सभेत तुम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिलीत."

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी मार्ग काढला.

"ठराव एक आपण वगळू."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला पटतंय. ते पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, मुसलमान देशावर बंदी, आणि तिला अनुमोदन आतारांचं. बाहेर किती चांगला संदेश जातो. तुमच्याच भल्याचं आहे."

"म्हणजे नाव चुकून पडलेलं नाही."

"चुकूनच पडलं. पण बरोबर पडलं."

तेव्हा पडद्यामागून अम्मी बोलली. तिचा आवाज गेले दोन आठवडे मी इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"राजू."

"बोला ना, चाची."

"बारा तारखेपासून तेवीस तारखेपर्यंत मी कुणाच्या नावाने बसले होते?"

"चाची, ते फक्त कागदावर..."

"तुझ्या तारखेने मोजायचं तर मला अजून अकरा दिवस बसावं लागेल. ते बसते. त्याचं काही नाही. पण ते अकरा दिवस मी सधवा होते असं तू लिहिणार. मग ते घरात होते कुठे? मला का दिसले नाहीत?"

भाऊ उठले. दारात चपला घालता घालता मला म्हणाले, "चाची दुःखात आहेत. तू विचार कर." पिशवी त्यांनी तिथेच ठेवली. मी ती संध्याकाळी जानूच्या गाड्यावर परत नेऊन ठेवली. त्याने ती गाड्यावर मांडली.

मंगळवारी मला पंचायतीत बोलावणं आलं. चैताली मॅडमनी स्वतः खुर्ची पुढे केली.

"तुमचं पोर्टल चालू झालं," त्या म्हणाल्या, जणू पोर्टल आमच्या घरचं होतं. "तारीख बाराच. आत्ता प्रिंट देते. फक्त एक छोटा अर्ज द्या."

अर्ज त्यांनी टाइप करून ठेवला होता. माझ्या वडिलांच्या नावाचा गैरवापर झाला आहे, इथपर्यंत ठीक होतं. त्याखाली होतं : माझे वडील हयात असते तर त्यांनी सदर ठरावास विरोधच केला असता.

"हे मी कसं लिहू? मला माहीत नाही."

"अहो, पण साहजिक आहे ना."

"काय साहजिक आहे?"

त्यांनी पेनस्टँड डावीकडून उजवीकडे ठेवला. बोलायची गरज नव्हती. रविवारी एकाची खात्री होती की अब्बा हो म्हणाले असते, आज दुसरीची खात्री होती की ते नाही म्हणाले असते, आणि दोघांच्या खात्रीचं कारण एकच होतं. एकोणसत्तर वर्षं या गावात काढलेल्या माणसाविषयी त्यांना तेवढं एकच माहीत होतं.

"ठराव तुमच्या अधिकाराबाहेरचा आहे," मी म्हटलं. "तसं तुम्हीच लिहा ना. एका ओळीचं काम आहे."

"मी लिहिलं तर मी देशविरोधी ठरते. मग माझी बदली होते." त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "मयताची बदली होत नाही हो."

मी अर्ज परत दिला. त्या म्हणाल्या, मग पोर्टलचं काही सांगता येत नाही. मी माझ्या हाताने दुसरा अर्ज लिहिला. दोन मागण्या : मृत्यूची नोंद बारा मे अशी व्हावी, आणि सभेच्या वहीत माझे वडील गैरहजर होते अशी दुरुस्ती व्हावी. मॅडमनी वाचला आणि पोच दिली. अब्बांच्या अर्जांवर होता तोच शिक्का होता, तशीच फिकट शाई.

शनिवारी समेट झाला. तुंगार्लीच्या बंगल्यात, ग्राहक नव्हते त्या दिवशी. चिमामावशींना सदस्य म्हणून बोलावलं होतं. त्या परत येताना आमच्याकडे थांबल्या.

"जेवन लय चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मॅडम हसली, राजेंद्र हसला. बंदी ऱ्हानार, पन भावना म्हनून. अंमल करायचा न्हाई. मॅडम लिवनार 'यथावकाश'. झालं!"

"आणि अब्बा?"

"सोमवारी सभा हाय. शुद्धिपत्रक का काय ते वाचनार हायेत. तू ये. मी हाये तितं."

दोन जूनला सभामंडपात साठेक माणसं होती. पुढच्या रांगेत धोंडिबाआबा, सगळ्या राष्ट्रीय ठरावांचे सूचक, काठीवर हनुवटी टेकून झोपले होते. चैताली मॅडमच्या टेबलावर पेपरवेटखाली एक प्रिंट होती. मी जवळून गेले तेव्हा मला ती वाचता आली. मृत्यू दिनांक १२ मे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सभा होऊ द्या, मग घ्या.

आदिनाथने वाचायला सुरुवात केली. तेवीस मे रोजीच्या ठराव क्रमांक चारमध्ये 'अनुमोदक श्री. निजाम हुसेन आतार' याऐवजी, तो वाचता वाचता अडखळला, 'अनुमोदक श्रीमती जैनब निजाम आतार' असे वाचावे.

आतार त्यांना हवेच होते. एक संपला होता, म्हणून त्यांनी दुसरा काढला.

मी उभी राहिले. "मी त्या सभेत नव्हते."

"आज आहेस ना?" सरपंच म्हणाले. लोक हसले. "बापाची जागा मुलीने घेतली, यात वाईट काय आहे? टाळ्या वाजवा."

पाच-सहा जणांनी वाजवल्या. मॅडमनी प्रिंटवरचं पेपरवेट थोडं सरळ केलं. मला समजावं, एवढंच. गप्प बसले असते तर पाच मिनिटांत तारीख हातात आली असती, खरी तारीख, आणि पुढच्या प्रत्येक बंदीला मी हो म्हणत राहिले असते.

"माझं नाव लिहायचं नाही," मी म्हटलं. "अब्बांचं नाव तिथे का आलं तेही मी विचारत नाही. त्यांच्या नावापुढे लिहा, सभेस गैरहजर. तीन वर्षं ते हेच मागत होते."

"जैनब, सभा संपली आहे."

"कोन म्हनतंय संपली?" चिमामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "वही वाचून सही झाल्याबिगर सभा संपत न्हाई. मागं एकदा मी लवकर उठले तवा तूच सांगितलं व्हतंस मला. मी बसते हितंच. बायांनो, बसा गं."

बायका बसल्या. तितक्यात धोंडिबाआबा जागे झाले.

"काय चाललंय?"

"आबा, तुमी तुर्कस्तानावर बंदी घातली," कुणीतरी ओरडलं.

"मी? कुनावर?" आबा म्हणाले. "मी टाकीसाठी आलतो."

या वेळी सगळेच हसले, आणि ते हसू सरपंचांच्या बाजूचं नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. तीन वाजता तुंगार्लीत मुंबईचे पाहुणे उतरणार होते. तुर्कस्तान त्यांच्यासाठी केव्हाच संपला होता. बातमी आली होती, फ्लेक्स लागला होता.

"लिही रे बाबा," ते आदिनाथला म्हणाले. "काय पाहिजे ते लिही. वहीच आहे."

मॅडमनीही पेपरवेट उचललं. भांडण मिटलंय म्हटल्यावर प्रमाणपत्र अडवण्यात त्यांनाही काही उरलं नव्हतं. "घ्या," त्या म्हणाल्या. "सही-शिक्का आहे."

आदिनाथ वही उघडून बसला. पेन झटकलं. "गैरहजर," तो लिहिता लिहिता म्हणाला. मग वर बघितलं. "ताई, कारण लिहावं लागतं."

"मयत."

"तारीख?"

"बारा मे."

त्याने सावकाश लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. अक्षर नेहमीसारखं सुंदर होतं. आतार निजाम हुसेन, गैरहजर, कारण मयत, दिनांक बारा मे. चूक कुठेच नव्हती. हीच ओळ मिळावी म्हणून मी दहा दिवस झगडले होते.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले, चिमामावशींचा हात माझ्या पाठीवर येईपर्यंत. मंडप जवळजवळ रिकामा झाला होता. सरपंचांची गाडी निघाल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग इथं सही करा. दुरुस्ती कुणी मागितली त्याची सही लागते."

अब्बांना गावातल्या कुठल्या ना कुठल्या कागदावर हजर ठेवणारी माणसं खोटी होती, आणि त्यांना पुसायला आलेली मी खरी होते. मी पेन घेतलं आणि सही केली.